दोन टोकांचे दोन विमानतळ : अंतर, वेळ आणि वाट

‘किती लांब आहे?’ आणि ‘किती वेळ लागतो?’ हे दोन प्रश्न आपण बहुधा एकाच अर्थाने विचारतो. अकलूजहून पुणे किती लांब आहे असे कोणी विचारले, तर ‘साडेतीन-चार तास’ असे उत्तर सहज दिले जाते. विचारलेले असते अंतर आणि सांगितली जाते वेळ. रोजच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. कारण तो रस्ता आपल्या परिचयाचा असतो आणि त्यावर गाड्या नियमित धावत असतात. परंतु जेथे अशी नेमाची वाट नाही, तेथे हे दोन प्रश्न एकमेकांपासून फार दूर जातात. ते किती दूर जातात हे गणिताने तपासून पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

आजकाल संगणकावर कोणत्याही दोन विमानतळांची नावे घातली की त्यांच्यामधील अंतर आणि ‘उड्डाणाची वेळ’ क्षणात मिळते. त्या दोन विमानतळांच्या दरम्यान एकही विमान उडत नसले, तरी वेळ मात्र मिनिटांपर्यंत अचूक सांगितली जाते. ही संख्या येते कोठून, तिच्यावर किती विश्वास ठेवावा आणि ती आपल्यापासून काय लपवते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः आकडेमोड करून समजून घ्यावे. त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या पलीकडचे नाही.

उदाहरणाची निवड

उदाहरणासाठी आपल्याच राज्याच्या दोन कोपऱ्यांतील विमानतळ घेऊ. पहिला, नैर्ऋत्य कोपऱ्यातील सिंधुदुर्ग जिल्ह्याचा, वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथील विमानतळ. त्याचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. दुसरा, ईशान्य कोपऱ्यातील गोंदिया जिल्ह्याचा बिरसी येथील विमानतळ. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. मात्र ‘उडान’ योजनेखाली तेथून नियमित प्रवासी सेवा सुरू होण्यास मार्च २०२२ उजाडले. वैमानिक घडविणारी एक प्रशिक्षण संस्थाही तेथे आहे.

दोन्ही जिल्हे तुलनेने नवे आहेत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तर १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. एकीकडे समुद्र, काजू आणि आंबा. दुसरीकडे तलाव, भात आणि जंगल. दोन्हींची राजधानी मुंबईच. परंतु या दोन जिल्ह्यांना एकमेकांशी जोडणारी थेट नियमित विमानसेवा नाही. म्हणूनच आपल्या अभ्यासाला हे उदाहरण सोयीचे आहे.

स्थान सांगण्याची रीत

पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणाचे स्थान अक्षांश आणि रेखांश या दोन संख्यांनी सांगता येते. एका दशांश स्थळापर्यंत घेतल्यास आपल्याला लागणारी स्थाने अशी आहेत :

चिपी : १६.० अंश उत्तर, ७३.५ अंश पूर्व
बिरसी : २१.५ अंश उत्तर, ८०.३ अंश पूर्व

अक्षांशांतील फरक ५.५ अंश, रेखांशांतील फरक ६.८ अंश.

अंतराकडे वळण्यापूर्वी या रेखांशांचा एक उपयोग पाहून घेऊ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. म्हणून गोंदियाचा खरा माध्यान्ह चिपीच्या माध्यान्हापूर्वी ६.८ × ४, म्हणजे सुमारे २७ मिनिटे आधी होतो. भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरलेली असल्यामुळे दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ दाखवतात. अकलूजचे रेखांश जवळजवळ बरोबर ७५ अंश पूर्व आहेत. फरक ७.५ अंशांचा, म्हणजे ३० मिनिटांचा. त्यामुळे अकलूजला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबारा झालेले असतात. वर्षभरात त्यात पाव तासापर्यंत मागेपुढे होते. शाळेच्या मैदानात काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते हे पाहिले, तर याची खात्री करता येईल. घड्याळाची वेळसुद्धा माणसांनी सोयीसाठी ठरवून घेतलेली व्यवस्था आहे, हे या छोट्या प्रयोगातून कळते.

एक अंश म्हणजे किती किलोमीटर?

मीटर हे परिमाण ठरवताना १७९१ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असे धोरण स्वीकारले. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत १०,००० किलोमीटर, म्हणून संपूर्ण परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर. हा आकडा इतका गोल का, याचे कारण हे असे आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घेतली तर परिघ ४०,०३० किलोमीटर येतो आणि त्याला ३६० ने भागल्यावर एका अंशाला १११.२ किलोमीटर मिळतात.

उत्तर-दक्षिण दिशेने हा हिशेब सर्वत्र जवळजवळ सारखाच लागू पडतो. पूर्व-पश्चिम दिशेने तसे नाही. रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत अखेर एका बिंदूत मिळतात. सोललेल्या संत्र्याच्या फोडी देठाजवळ कशा निमुळत्या होतात ते आठवावे. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर काढताना १११.२ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. आपल्या दोन ठिकाणांचा मध्यम अक्षांश १८.७५ अंश आहे आणि त्याचा कोसाइन ०.९४७. म्हणजे येथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.३ किलोमीटरचा होतो.

पायथागोरसच्या साहाय्याने

आता एक काटकोन त्रिकोण कल्पावा. त्याची एक बाजू उत्तरेकडे, दुसरी पूर्वेकडे आणि कर्ण म्हणजे चिपी ते बिरसी हे सरळ अंतर.

उत्तरेकडील बाजू : ५.५ × १११.२ = ६११.६ किलोमीटर
पूर्वेकडील बाजू : ६.८ × १११.२ × ०.९४७ = ७१६.१ किलोमीटर
कर्णाचा वर्ग : ३,७४,०५५ + ५,१२,७९९ = ८,८६,८५४
कर्ण : सुमारे ९४२ किलोमीटर

पृथ्वी गोल असताना सपाट त्रिकोणाचे गणित चालते कसे, अशी शंका कोणाही चौकस विद्यार्थ्याला येईल आणि ती आलीच पाहिजे. तिचे निरसन दुसऱ्या रीतीने तेच उत्तर काढून करता येते. गोलावरील दोन बिंदूंसाठीचे सूत्र असे : पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन म्हणजे दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार.

पहिला भाग : ०.२७५६ × ०.३६६५ = ०.१०१०
दुसरा भाग : ०.९६१३ × ०.९३०४ × ०.९९३० = ०.८८८१
बेरीज : ०.९८९१

ज्या कोनाचा कोसाइन ०.९८९१ आहे तो कोन सुमारे ८.४७ अंशांचा. त्याला १११.२ ने गुणले असता पुन्हा ९४२ किलोमीटरच येतात. हजार किलोमीटरच्या आतील अंतरासाठी आपल्या अक्षांशांवर पायथागोरसची रीत पुरेशी आहे, हे यावरून सिद्ध झाले. एक सावधगिरी मात्र घ्यावी. कोसाइनची किंमत १ च्या इतकी जवळ असते, तेव्हा चौथ्या दशांश स्थळी एकाचा जरी फरक पडला, तरी उत्तरात चार किलोमीटरांची तफावत येते. शिवाय पृथ्वी अचूक गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ तर ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे. म्हणून ‘सुमारे ९४२’ असेच म्हणावे. पुढे दशांश जोडून अचूकतेचा आभास निर्माण करू नये.

विमानचालनात अंतर सागरी मैलांत मोजतात. वर काढलेल्या कोनाच्या एका कलेला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, एक सागरी मैल म्हणतात, तो १.८५२ किलोमीटरचा असतो. ८.४७ गुणिले ६० म्हणजे ५०८ सागरी मैल. हे परिमाण थेट पृथ्वीच्या गोलाईतूनच निघालेले असल्यामुळे खलाशी आणि वैमानिक दोघांनीही ते सोडलेले नाही.

ही रेषा कोठून जाते?

गोलावर दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभाग कापला असता जे वर्तुळ मिळते ते बृहद्वृत्त. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप याच मार्गावर बसतो. भारतातून अमेरिकेकडे जाणारी विमाने सपाट नकाशावर विनाकारण उत्तरेकडे वळल्यासारखी दिसतात. दोरा ताणून पाहिल्यावर तोच जवळचा मार्ग असल्याचे समजते. चिपी-बिरसी अंतर लहान असल्याने नकाशावर पट्टीने ओढलेली रेषा आणि बृहद्वृत्त यांत काही किलोमीटरांपेक्षा अधिक फरक पडत नाही.

ही रेषा विद्यार्थ्यांनी नकाशावर ओढून पाहावी. चिपीहून निघालेली रेषा सह्याद्री ओलांडून कोल्हापूरच्या जवळून सांगलीकडे येते. पुढे पंढरपूर आणि सोलापूर यांच्या मधून, मोहोळच्या जवळून आपला जिल्हा ओलांडते. त्यानंतर लातूर आणि नांदेड यांच्या परिसरातून विदर्भात शिरते आणि गोंदियाला पोहोचते. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चारही प्रदेश ही एकच रेषा ओवून घेते. या रेषेवरून विमान गेलेच, तर ते अकलूजच्या आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरांवरून जाईल.

अंतरापासून वेळेकडे

आता वेळ काढू. लहान शहरांना जोडणारी, पंख्याची इंजिने असलेली सत्तरेक आसनांची विमाने साधारण ताशी ५०० किलोमीटर वेगाने जातात. मोठी जेट विमाने ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केल्यावर पहिल्या प्रकारच्या विमानाला १ तास ५३ मिनिटे आणि दुसऱ्याला १ तास ८ मिनिटे लागतात.

परंतु विमान धावपट्टीवरून थेट पूर्ण वेगात जात नाही. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, चढणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे, धावपट्टीच्या दिशेने वळसा घेणे यांत वेळ जातो. त्यासाठी ढोबळमानाने अर्धा तास मिळवण्याची रीत आहे. मग वेळा होतात अनुक्रमे २ तास २३ मिनिटे आणि १ तास ३८ मिनिटे. जेट विमानाचा वेग दीडपटीहून अधिक असूनही वाचतात फक्त ४५ मिनिटे. अंतर जितके कमी, तितका वेगाचा लाभ कमी. कारण तो अर्धा तास दोघांनाही सारखाच द्यावा लागतो.

हे सूत्र प्रत्यक्षाशी जुळते का? आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली. सोलापूर ते गोव्यातील मोपा हे सरळ अंतर वरील रीतीने सुमारे ३०० किलोमीटर येते. ३०० भागिले ५०० म्हणजे ३६ मिनिटे. अर्धा तास मिळवून १ तास ६ मिनिटे. या सेवेला प्रत्यक्षातही तास-सव्वा तासच लागतो. म्हणजे सूत्र खोटे नाही. जेथे विमान उडते तेथे ते खरे उत्तर देते.

वाऱ्याचाही विचार करावा. चिपीहून गोंदियाला जाताना ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी असला, तर विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ५५० होतो आणि ९४२ किलोमीटरला १०३ मिनिटे लागतात. परत येताना तोच वारा समोरून आला, तर वेग ४५० होतो आणि १२६ मिनिटे लागतात. बेरीज झाली २२९ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही वेळा ११३, म्हणजे एकूण २२६ मिनिटे लागली असती. वाऱ्याने जाताना जे दिले ते परतताना पूर्ण वसूल केले आणि वर आणखी काही घेतले. कारण असे की प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. नदीतील नावेची उदाहरणे सोडवताना विद्यार्थ्यांना हाच अनुभव येतो.

सूत्रात न बसणाऱ्या गोष्टी

सोलापूरचाच विमानतळ आणखी एक धडा देतो. तेथील धावपट्टी अनेक वर्षे होती; मात्र नियमित सेवेच्या मार्गात विमानतळालगतच्या साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी हा अडथळा मानला गेला. त्यावरून दीर्घकाळ वाद चालला, न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०२३ मध्ये ती चिमणी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर वर्षभराच्या आत विमान उडाले. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ती चिमणी त्याच्या कारखान्याचे अंग होती, प्रवाशाच्या दृष्टीने अडथळा होती. अक्षांश-रेखांशांच्या कोणत्याही सूत्रात तिला जागा नव्हती. तरीही सोलापूर-गोवा ‘उड्डाणाची वेळ’ कित्येक वर्षे अस्तित्वातच येऊ शकली नाही, यामागील कारणांत ती एक होती.

चिपी-बिरसीच्या बाबतीत अडथळा चिमणीचा नाही, प्रवाशांच्या संख्येचा आहे. समजा एखाद्या मार्गावर सेवा परवडण्यासाठी रोज ५० प्रवासी हवेत. वर्षाला १८,२५० प्रवासी झाले. सिंधुदुर्गातून गोंदियाला दरवर्षी इतके लोक विमानाने जातील, असे कोणतीही कंपनी सहज मानणार नाही. म्हणून विमाने मध्यवर्ती विमानतळाला जोडली जातात. याचे गणितही सोपे आहे. १५ विमानतळ असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचे असेल, तर १५ × १४ ÷ २, म्हणजे १०५ मार्ग लागतील. एक विमानतळ मध्यवर्ती धरून इतर सर्व त्याला जोडले, तर फक्त १४ मार्गांत काम भागते. आपल्याकडील एस.टी.ची रचना याच तत्त्वावर उभी आहे. आडगावच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या आडगावी जायचे असेल, तर आधी अकलूजच्या किंवा टेंभुर्णीच्या स्थानकावर यावे लागते आणि तेथे गाडी बदलावी लागते.

वाट बदलली की काय बदलते?

चिपी आणि बिरसी या दोन्ही विमानतळांवरून वेगवेगळ्या काळात हैदराबादला सेवा चाललेल्या आहेत. म्हणून हैदराबादला विमान बदलावे लागेल असे धरून हिशेब करू. हैदराबाद विमानतळाचे स्थान १७.२ अंश उत्तर, ७८.४ अंश पूर्व. चिपी ते हैदराबाद ५३९ किलोमीटर, हैदराबाद ते बिरसी ५१८ किलोमीटर. एकूण १,०५७. सरळ अंतरापेक्षा केवळ ११५ किलोमीटर, म्हणजे सुमारे १२ टक्के जास्त. अंतराचा विचार केला तर हा वळसा अगदी किरकोळ आहे.

वेळेचा विचार केला तर चित्र बदलते. पहिल्या टप्प्याला ९५ मिनिटे, दुसऱ्याला ९२ मिनिटे. एकूण ३ तास ७ मिनिटे. हैदराबादला चार तास थांबावे लागले असे मानले, तर ७ तास ७ मिनिटे. दोन्ही विमाने एकाच दिवशी नसली, तर मुक्काम करावा लागेल. अंतर १२ टक्क्यांनी वाढले आणि वेळ तिपटीजवळ गेली. वाढलेल्या वेळेचा मोठा भाग विमानात नव्हे, बाकावर बसून जातो.

येथे एक उपयुक्त कल्पना मांडता येईल. दोन ठिकाणांमधील सरळ अंतराला प्रत्यक्ष लागलेल्या एकूण वेळेने भागावे. येणाऱ्या संख्येला आपण ‘सरळ वेग’ म्हणू. थेट विमान असते तर चिपी-बिरसीचा सरळ वेग ९४२ भागिले २ तास २३ मिनिटे, म्हणजे ताशी सुमारे ३९५ किलोमीटर आला असता. हैदराबादमार्गे तो ताशी १३२ वर येतो. विमान दोन्ही वेळी ताशी ५०० च्याच वेगाने उडते. प्रवाशाचा वेग मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आला.

आता रेल्वेकडे पाहू. कोल्हापूर आणि गोंदिया यांना जोडणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्यातल्या राज्यात धावणाऱ्या सर्वांत लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक आहे. मिरज, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा आणि नागपूर असा वळसा घेत ती गोंदियाला पोहोचते. कोल्हापूर ते गोंदिया सरळ अंतर आपल्या रीतीने सुमारे ८२५ किलोमीटर येते; गाडी १,३०० किलोमीटरहून अधिक धावते, म्हणजे दीडपटीहून जास्त. प्रवासाला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. २४ तास धरले तरी सरळ वेग ताशी ३४ किलोमीटर होतो. तरीही हजारो लोकांना परवडणारी, एकदा बसले की उतरेपर्यंत न बदलावी लागणारी वाट तीच आहे. केवळ वेगावरून वाहतुकीची योग्यता ठरवू नये, हेही यातून शिकावे.

‘एक तास’ या शब्दांचा अर्थ

ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे विमानाने साधारण एका तासाच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे सूत्र होते. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या उड्डाणांना प्रारंभ झाला, तेव्हा शिमला-दिल्लीसोबत नांदेड-हैदराबाद हा मार्गही होता. कंपनीला येणारी तूट काही काळ शासनाने भरून द्यायची, तोवर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, ही त्यामागील अपेक्षा. काही मार्ग टिकले, काही बंद पडले, काही पुन्हा सुरू झाले. एखाद्या ठिकाणी विमानतळ असणे आणि तेथून विमान मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसते. धावपट्टी जमिनीवर कायम राहते. वेळापत्रक मात्र दर हंगामाला बदलू शकते.

म्हणून एखाद्या प्रवासाचे अंतर आणि वेळ सांगणारी संख्या समोर आली, की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे अंतर सरळ रेषेतले आहे की प्रत्यक्ष मार्गाचे? दुसरा, ही वेळ केवळ यंत्र चालू असतानाची आहे की दारापासून दारापर्यंतची? तिसरा, हा प्रवास आज खरोखर उपलब्ध आहे का, आणि असल्यास कोणाला परवडतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणित देते, दुसऱ्याचे अनुभव आणि तिसऱ्याचे समाजव्यवस्था.

निवासी शाळेतील विद्यार्थ्यांना तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सुट्टीला घरी जाताना एखाद्याचे गाव नकाशावर तीस किलोमीटरवर असते आणि पोहोचायला दुपार टळून जाते. दुसऱ्याचे शंभर किलोमीटरवर असूनही तो जेवणाच्या वेळेला घरी असतो. फरक गावाच्या अंतरात नसतो, गावाला येणाऱ्या गाडीत असतो. दवाखाना, महाविद्यालय, नोकरीची मुलाखत किंवा बाजार यांपैकी कशापासूनही माणूस किती दूर आहे, हे ठरवताना किलोमीटर मोजून थांबणाऱ्याला अर्धेच उत्तर मिळते. उद्या यांतील काही विद्यार्थी अभियंते होतील, काही प्रशासनात जातील, काही लोकप्रतिनिधी होतील. एखाद्या वस्तीसाठी योजना आखताना त्यांनी नकाशावरील सरळ रेषेसोबत त्या वस्तीचा ‘सरळ वेग’ही काढून पाहावा. तो फार कमी आला, तर तेथे नेमके काय कमी आहे याचा शोध घ्यावा : रस्ता, पूल, गाडी की भाड्याचे पैसे. पुष्कळदा नवी धावपट्टी नको असते. सकाळी सातची एक गाडी पुरेशी होते.

स्वतः करून पाहावे

पुढील उदाहरणे विद्यार्थ्यांनी वरील रीतीने सोडवावीत. अकलूजचे स्थान १७.९ अंश उत्तर, ७५.० अंश पूर्व असे घ्यावे.

१. सोलापूर विमानतळ १७.६ अंश उत्तर, ७५.९ अंश पूर्व आहे. अकलूजपासून सरळ अंतर काढा. (उत्तर : सुमारे १०१ किलोमीटर)

२. पुणे विमानतळ १८.६ अंश उत्तर, ७३.९ अंश पूर्व आहे. अकलूजपासून सरळ अंतर काढा. (उत्तर : सुमारे १४० किलोमीटर)

३. एका तालुक्यात १२ गावे आहेत. प्रत्येक गाव प्रत्येक गावाशी थेट जोडायचे असल्यास किती मार्ग लागतील? एका गावी मध्यवर्ती स्थानक केल्यास किती? (उत्तर : ६६ आणि ११)

४. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश नकाशावरून वाचा. शाळेपासूनचे सरळ अंतर काढा. पुढच्या सुट्टीत शाळेच्या फाटकापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत लागलेली वेळ, थांबून राहिलेल्या मिनिटांसह, वहीत नोंदवा आणि आपला सरळ वेग काढा. वर्गातील सर्वांचे आकडे एका तक्त्यात मांडा. सर्वांत कमी वेग कोणत्या गावाचा येतो आणि का, यावर वर्गात चर्चा करा.

चौथ्या उदाहरणाचे उत्तर या लेखात दिलेले नाही. ते प्रत्येकाचे वेगळे येईल. तो तक्ता तयार झाला, की या तालुक्याचा असा एक नकाशा वर्गाच्या हाती येईल, जो छापील पुस्तकात मिळत नाही. तो शाळेच्या फळ्यावर लावावा आणि एक प्रत ग्रामपंचायतीलाही द्यावी.